अहिरेबाई आणि गलबतावरचा मिस्तरी

अहिरेबाई सिनेमाला जाताना पर्समध्ये लाल पेन्सिल आणि शाळेची जुनी वही घेऊन जायच्या. पडद्यावर पाट्या सुरू झाल्या की त्या मांडीवर वही उघडायच्या आणि अंधारातच लिहायला लागायच्या. ओळी एकमेकींवर चढायच्या, शब्द पानाबाहेर घसरायचे, पण बाईंना त्याचं काही नव्हतं. वाचायचं मलाच आहे, असं त्या म्हणायच्या. मध्यंतरात दिवे लागले की मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं माना उंच करून बघायची. एकदा एकाने धीर करून विचारलं, मॅडम, तुम्ही सेन्सॉरवाल्या का? बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि उलट त्याचंच दहावीचं वर्ष विचारलं. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. उरलेला सिनेमा तो दुसरीकडे जाऊन बसला.

नाशिकरोडच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते, आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. बाई शाळेजवळ एका खोलीत एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, काटक, फिक्या रंगाच्या साड्या, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मगच बाहेर सोडल्यासारखं. मूळच्या त्या सटाण्याकडच्या, पण बोलण्यात ते कधी जाणवायचं नाही. वर्गात आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांचं मराठी क्रमिक पुस्तकासारखं नीट असायचं.

'न्यायाने बोलायचं तर' हे त्यांचं पालुपद. शाळेत कुणाला कशाबद्दल खरं मत हवं असेल तर तो अहिरेबाईंकडे जायचा, आणि नको असेल तर त्यांच्या वाटेलाच जायचा नाही. मी एकदा दिवाळीनंतर बेसनाचे लाडू नेले होते. सगळ्यांनी छान छान म्हणून खाल्ले. बाईंनी अर्धा लाडू खाल्ला, थांबल्या आणि म्हणाल्या, "न्यायाने बोलायचं तर बेसन उत्तम भाजलंय. वेलदोडा बेताचा आहे. पण साखर घालताना तुम्ही घाईत होतात." मी घाईत होते हे खरंच होतं. यजमानांची पाळी बदलली होती आणि ते डब्यासाठी दारात उभे होते. बाईंना हे कुठून कळलं, देव जाणे.

मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. इतरांचं सरांना वटवृक्षापासून दीपस्तंभापर्यंत सगळं म्हणून झालं होतं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, सरांनी प्रयोगशाळेला नवी कपाटं दिली, ही त्यांची जमेची बाजू. त्या कपाटांच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या, ही दुसरी बाजू. सगळे गार झाले. पण सर हसले, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. पुढे ते मला म्हणाले, त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांतलं तेवढंच आपल्या लक्षात राहिलं.

बाईंना बघायला एकदा पाहुणे आले होते म्हणे, फार पूर्वी. मुलगा घोटीचा, भाताच्या गिरणीवर कारकून. त्यांनी मला हे स्वतःच सांगितलं. माणूस सज्जन होता, वागायला मऊ होता, पण एकही वाक्य पूर्ण करत नव्हता. मग तुम्ही नाही म्हटलंत का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, त्यांनीच कळवलं नाही.

आता त्या सिनेमांविषयी सांगते, कारण बाईंचं खरं वेड तेच होतं. सगळे इंग्रजी सिनेमे त्या बघायच्या नाहीत. एकाच मालिकेचे बघायच्या. एक अवकाशयान, त्यावरची माणसं, आणि त्यांचा लांबच्या एका ताऱ्याकडे चाललेला प्रवास. इंग्रजी नाव लांबलचक होतं. बाई त्याला 'गलबत' म्हणायच्या. अवकाशयान हा शब्द परीक्षेपुरता ठीक आहे, पण तो घरात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिला भाग नाशिकला लागला तेव्हा चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. बाई रविवारी सकाळच्या खेळाला शालिमारकडच्या थेटरात एकट्या गेल्या. थेटरात बायका अशा त्या एकट्याच होत्या. सोमवारी त्या शाळेत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वेगळं होतं, झोपेतून उठवलेल्या माणसाच्या डोळ्यांत असतं तसं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला सगळी गोष्ट सांगितली. माझा डबा उघडाच राहिला.

त्या गलबतावरची माणसं काचेच्या पेट्यांमध्ये वर्षानुवर्षं झोपतात. गलबत काळोखातून चाललेलं असतं. आवाज नाही, वारा नाही. एक म्हातारा मिस्तरी तेवढा जागा राहतो, कारण इंजिनाजवळ कुणीतरी जागं असावं लागतं. त्याला दाढी आहे, खांद्यावर तेलकट फडकं आहे, आणि तो माणसांशी कमी आणि इंजिनाशी जास्त बोलतो. कप्तान देखणा होता, एक डॉक्टरीणबाई होती, एक बोलकं यंत्रही होतं. पण बाई सांगताना पुन्हापुन्हा मिस्तरीवर यायच्या. तो पाना कसा धरतो ते त्यांनी मला पट्टी हातात घेऊन दाखवलं.

आणि तरीही त्यांनी त्या सिनेमाला शंभरपैकी अडुसष्टच मार्क दिले होते. हे मार्क ठरलेल्या रीतीने असायचे. कथेचे, माणसांचे, संगीताचे आणि विज्ञानाचे. विज्ञानात गलबत हटकून मार खायचं. शेवटी एक शत्रूचं यान फुटतं आणि थेटर हादरेल असा आवाज होतो. बाई आठवीच्या वर्गाला दरवर्षी काचेच्या हंडीत विजेची घंटा ठेवून, आतली हवा काढून, घंटा हलताना दिसते पण ऐकू येत नाही, हे दाखवायच्या. पोकळीत आवाज होत नाही हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी तिकडे गलबतं कशाला पाठवावीत, असा त्यांचा सवाल होता. पाच मार्क गेले.

दुसरा भाग आला तो चार-पाच वर्षांनी. त्यात गलबत एका पाण्याच्या ग्रहावर उतरतं. बाईंनी त्याला बासष्ट दिले. संगीत पहिल्यापेक्षा चांगलं, कप्तानाचं प्रेमप्रकरण अनावश्यक, मिस्तरीला काम कमी दिलंय ही गंभीर चूक. फुटण्याचे आवाज या वेळी तीन होते, म्हणून पंधरा गेले. पण मला आठवतं, हे सगळं वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण मोरेबाई, ते पाणी काय दाखवलंय. वरून बघताना वाटतं, आपण आता हळूच खाली पडणार आणि लागणार नाही."

मग पुष्कळ वर्षं काही आलं नाही. आमच्या कॉलनीत एक रंगीत टीव्ही आला, मी मुख्याध्यापकांच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर पर्यवेक्षिका म्हणून बसायला लागले, बाईंचे केस कानाजवळ पांढरे झाले. त्या वर्षी थंडीच्या दिवसांत शालिमारला पोस्टर लागलं. गलबताचा तिसरा भाग. कप्तान नवा होता, बाकी पुष्कळशी माणसं जुनीच. पोस्टरवर त्याच्या हातात बंदूक होती. ते बघून बाई म्हणाल्या, "पोस्टरवरून पेपर तपासू नये." पण त्या अस्वस्थ झाल्या होत्या.

पहिल्याच रविवारी त्या जाऊन आल्या. सोमवारी आम्ही सगळे वाट बघत होतो, कारण एव्हाना गलबताचे मार्क हा शाळेतला एक ठरलेला कार्यक्रमच झाला होता. बाई आल्या, हजेरीपत्रक उचललं आणि वर्गावर गेल्या. मधल्या सुट्टीत मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, अजून तपासून व्हायचाय. असं आधी कधीच झालं नव्हतं. बुधवारी त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून पुन्हा गेल्या. गुरुवारीही निकाल नाही. वर्गात आठवीच्या मुलांना त्यांनी एकच आकृती दोनदा काढून दाखवली, आणि एका मुलीने सांगितल्यावर दोन्ही पुसल्या.

शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि दुपारच्या खेळाला बरोबर येता का म्हणून विचारलं. दहा वर्षांत त्यांनी कुणाला बरोबर नेलं नव्हतं. मी घरी निरोप धाडला आणि आम्ही शालिमारच्या बसमध्ये बसलो.

मला इंग्रजी सिनेमातलं बोलणं निम्मं कळायचं, पण बाईंनी दोन्ही भाग इतक्या वेळा सांगितले होते की मी आपल्याच गावच्या माणसांना बघायला गेल्यासारखी बसले. दाढीवाला मिस्तरी पडद्यावर आला तेव्हा मला ओळखीचं हसू आलं. तो फारच म्हातारा झाला होता. चालताना एक हात भिंतीला लावत होता. बाईंची पेन्सिल चालू होती.

अर्ध्याहून पुढे गेल्यावर गलबताला शत्रूचा मार बसतो. मागचा अर्धा भाग तोडून सोडून दिला तरच पुढची माणसं वाचणार असतात, आणि तोडेपर्यंत मागचं इंजिन कुणीतरी चालू ठेवायला हवं असतं. कप्तान काही बोलायच्या आधीच मिस्तरी फडकं खांद्यावर टाकून मागे जातो. दार बंद होतं. मग गलबताचे दोन तुकडे वेगळे होतात, आणि मागचा तुकडा हळूहळू लहान होत जातो, नदीत सोडलेल्या दिव्यासारखा. आणि फुटतो. आवाज होत नाही. नुसता उजेड पसरतो आणि मावळतो. सगळं थेटर इतकं शांत झालं की पंख्यांची घरघर ऐकू येत होती. मी शेजारी पाहिलं. बाईंची पेन्सिल वहीवर टेकलेली होती आणि हलत नव्हती.

सिनेमा सुटल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेतला. उन्हं उतरत होती, रस्त्यावर फुलवाल्या बायका गुलछडीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. बाईंनी वही काढली आणि निकाल वाचला. मी आजवर ऐकलेला तो सगळ्यात नीट निकाल होता.

"न्यायाने बोलायचं तर," त्या म्हणाल्या, "नवीन कप्तान वाईट नाही. जुन्याची नक्कल करत नाही, हे बरं केलं. बंदुका फार आहेत. पहिल्या भागात माणसं काळोखाला घाबरायची, आता नुसती एकमेकांना घाबरतात, म्हणजे कथा लहान झाली. देखावे मोठे झाले. संगीत तेच वाजवलंय, पण जपून वाजवलंय. आणि स्फोटाला आवाज नाही. दहा वर्षांनी का होईना, कुणीतरी पुस्तक उघडून बघितलं. विज्ञानाला पैकीच्या पैकी."

मी म्हटलं, आणि मिस्तरी?

त्यांनी वही मिटली. चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला केली. मग म्हणाल्या, "तो प्रसंग चांगला केलाय. चुकीचा नाही. म्हणूनच अडचण आहे."

कसली अडचण ते त्यांनी सांगितलं नाही. उद्या सटाण्याला माझ्याबरोबर येता का, एवढंच विचारलं. त्यांची आई तिकडे सटाण्याच्या पुढे एका खेड्यात राहते हे मला माहीत होतं. महिन्यातून एका रविवारी त्या जायच्या, हेही माहीत होतं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्यांना कुणीतरी बरोबर हवं होतं आणि त्यांना ते मागता येत नव्हतं, इतकं दिसत होतं.

सकाळी लवकरची सटाणा गाडी पकडली. पिंपळगावपर्यंत द्राक्षांचे मांडव, चांदवडला डोंगर, मग देवळ्याच्या अलीकडे कांद्याची रोपं लावणाऱ्या बायकांच्या रांगा. बाई खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटत होत्या. मध्येच वही उघडायच्या, दोन ओळींवर रेघ मारायच्या, वर काही लिहायच्या. देवळ्याला गाडी थांबली तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, आईला दिसतं कमी, पण कान तिखट आहेत. ती विचारेल, तुम्हीही बघितला का. हो म्हणायचं. बाकी मी सांगते. त्यांचा आवाज परीक्षेच्या खोलीत सूचना देतात तसा होता, पण हातातल्या वहीची कड त्यांनी मुडपून मुडपून मऊ केली होती.

घर दोन खोल्यांचं, मातीचा ओटा सारवलेला, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिला ताजा झेंडू. आई ओट्यावर उन्हात बसली होती. अंगाने एवढीशी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा. चुलत घरची सून शेजारीच राहायची, ती पाणी, भाकरी बघायची. बाईंनी चपला काढल्या, आईच्या पायांशी बसल्या आणि बोलायला लागल्या. मी चमकलेच. ज्या बाईंच्या तोंडून मी कधी एक शब्द इकडचा तिकडे झालेला ऐकला नव्हता, त्या अहिराणीत बोलत होत्या, भराभर, हातवारे करत. आई त्यांना सुमी म्हणत होती.

आईने माझी चौकशी केली, पाणी दिलं, आणि मग शेंगांचं सूप मांडीवर ओढून विचारलं, "मंग, गलबतनं काय व्हयनं?"

तेव्हा मला सगळं उलगडलं. गेली दहा वर्षं बाई सिनेमा बघून इकडे येत होत्या. वही त्यासाठी होती. एकेक भाग त्या आईला सांगायच्या, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, मधल्या सगळ्या वर्षांत, दर महिन्याला, आई म्हणेल तिथून. तिसरा भाग येणार असल्याचं आईला कित्येक महिने आधीच माहीत होतं.

बाईंनी सुरुवात केली. मी कितीतरी जणांना गोष्ट सांगताना ऐकलंय, स्वतःही वर्गात सांगते, पण अशी नाही ऐकली. त्यांनी मार्क बाजूला ठेवले होते. काचेच्या पेट्यांतली माणसं ओट्याच्या कडेला येऊन झोपली. त्यांच्या अंगावर पांघरूण कोण घालतं, असं आईने विचारलं, आणि सिनेमात कुणीही घालत नसताना बाईंनी ते काम मिस्तरीला दिलं. काळोख आला, तो सटाण्याच्या डोंगरामागून येतो तसा. तारे अगदी जवळ आले. आईचे हात शेंगा फोडत होते आणि फोलपटं वाऱ्याने अंगणात जात होती. कुठल्यातरी मळ्यात विहिरीवर इंजिन चालू होतं, त्याचा पुक पुक आवाज येत होता, आणि मला वाटायला लागलं की ते गलबत इथेच कुठेतरी, कांद्याच्या शेतांवरून, सावकाश चाललंय, आणि आपण तिघी त्यात बसलोय.

मग शत्रू आला, गलबताला मार बसला. इंजिनाजवळ कुणीतरी थांबायला हवं, हे आलं. आईचे हात थांबले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मिस्तरी थांबला, त्या म्हणाल्या. दार लागलं. गलबताचे दोन भाग झाले. पुढचा भाग माणसांना घेऊन गेला. मागचा भाग मिस्तरीला घेऊन लांब लांब गेला, आणि जाता जाता त्या पाण्याच्या ग्रहावर उतरला, दुसऱ्या भागातल्या. तिथे त्याने गलबताचं इंजिन काढलं आणि पाण्याला जोडलं. आता तिथे त्याचा मळा आहे. दिवसभर इंजिन चालतं. कुणाचं काही बिघडलं तर लोक त्याच्याकडे येतात.

मी बघत राहिले. स्फोटाच्या आवाजासाठी ज्या बाईंनी दहा वर्षं मार्क कापले, त्या एका अख्ख्या ग्रहावर विहिरी खोदत होत्या. बोलता बोलता त्यांचा वेग कमी झाला होता. प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखा येत होता. आई ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिने माझ्या दिशेने तोंड केलं आणि विचारलं, बाई, तूबी देखा का? मी हो म्हटलं. खरंच असंच आहे, असंही म्हणाले, जे मला सांगितलेलं नव्हतं.

बाई पाणी आणायला घागर घेऊन नळावर गेल्या. जाताना त्यांची पाठ हलकी झाल्यासारखी दिसली. त्या वळणापलीकडे गेल्या, तशी आई माझ्याकडे थोडी सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोर खोटं बोलस. मिस्तरी मरी गया."

तिने माझ्या हातावर सोललेले दाणे ठेवले आणि मग सांगितलं. ते मी माझ्या भाषेत सांगते. बाईंचे वडीलही मिस्तरी होते, आसपासच्या गावांत विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे. पाना आणि फडकं घेऊन सायकलवर जायचे, दोन दोन दिवस यायचे नाहीत. असेच एकदा एका गावी गेले, तिथे ताप भरला आणि तिथेच गेले. सुमी तेव्हा सहा वर्षांची. तिला कसं सांगावं हे आईला कळेना. तिने सांगितलं, बा लांबच्या गावी गेलाय, तिथलं इंजिन फार मोठं आहे, दुरुस्त व्हायला वेळ लागेल. पोर रोज ओट्यावर बसायची. कुठल्याही मळ्यात इंजिन सुरू झालं की उठून उभी राहायची. असं कितीतरी दिवस चाललं. मग एक दिवस उठायची थांबली. तिला कधी कळलं, कुणी सांगितलं, हे आईला ठाऊक नाही. तिने कधी विचारलं नाही आणि पोरीनेही कधी दाखवलं नाही.

"खोटं बोलाले लागनी का ती सावकाश बोलस," आई म्हणाली. "मी बी तशीच बोलनू व्हती. तिले सांगू नको, माले समजनं म्हणून."

अंगणात बाईंच्या चपलांचा आवाज आला. त्या घागर कडेवर घेऊन आल्या, आत ठेवून आल्या, पदराला हात पुसले आणि पुन्हा आईच्या पायांशी बसल्या. आईने सूप जवळ ओढलं. एक शेंग फोडली. आणि जसं काही तिला ते आत्ताच आठवलं असावं, तसं विचारलं, "मंग सुमी, तठे त्या मिस्तरीले जेवाले कोन देस?"

दुपारचं ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. बाईंनी आईच्या मांडीवरच्या सुपात हात घातला, एक शेंग उचलली आणि अगदी सावकाश सांगायला लागल्या, की तिथेही माणसं आहेत, चांगली आहेत, आणि त्यातल्या एका घरी त्याचं रोजचं ताट असतं.